सातपुड्याचा वनयात्री : कॅप्टन जेम्स फॉरसिथ

पांढुर्णा आणि सौंसर ही आमची दोन्ही गावे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेली आहेत. दक्षिणेस संत्र्यांच्या बागा व कपाशीची काळी जमीन, आणि उत्तरेस एकामागून एक चढत जाणाऱ्या डोंगरांच्या रांगा, असा आमचा मुलूख आहे. या डोंगरांच्या पलीकडे महादेव राहतो, हे आम्हांस अगदी लहानपणापासून ठाऊक असते. कारण घरातील कोणी ना कोणी वडीलधारे माणूस शिवरात्रीस चौरागडावर त्रिशूळ वाहावयास किंवा श्रावणात नागद्वारास जाऊन आलेलेच असते. पचमढी हे नाव आम्ही भूगोलाच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी आजीच्या तोंडून ऐकलेले असते, आणि तेही 'महादेवाला जाणे' या दोन शब्दांत.

यंदा शाळेत वनसहलीचा विषय निघाला तेव्हा सर्वांच्या मनात पचमढीच आली. पण तेथे जाऊन पाहावयाचे काय, असा प्रश्न गुरुजींनी विचारला आणि आम्ही निरुत्तर झालो. धबधबा, गुहा, सूर्यास्त एवढेच आम्हांस सांगता आले. ज्या अरण्यातून वाट काढीत आपण तेथवर जाणार, त्या अरण्याविषयी आम्हांस काहीच सांगता येईना. म्हणून आम्ही वाचावयास बसलो. आणि वाचता वाचता ज्या पुरुषाची गाठ पडली, त्याचे चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे योजिले आहे. हा पुरुष परका होता, राज्यकर्त्यांपैकी होता, आणि त्याच्या हातून जसे हित झाले तसे अहितही झाले. तरीही सातपुड्याचे जुने अरण्य कसे पाहावे, हे त्याच्यापासून शिकण्यासारखे आहे.

जेम्स फॉरसिथ यांचा जन्म १८३८ साली झाला. विद्यापीठाचे शिक्षण पुरे करून ते हिंदुस्थानात आले आणि बंगालच्या लष्करी सेवेत दाखल झाले. सैनिकाचा पेशा असला तरी त्यांचा ओढा रानाकडे होता. नेमबाजीत ते निष्णात होते आणि शिकारीच्या बंदुकीवर त्यांनी एक शास्त्रीय ग्रंथही लिहिला. त्या काळी वनखात्यास शिकलेली माणसे मिळत नसत. डोंगर तुडविण्याची, हिवतापाशी झुंजण्याची आणि तंबूत महिनोन्‌महिने राहण्याची ज्यांची तयारी असे, अशा तरुण लष्करी अधिकाऱ्यांकडेच रानाचे काम सोपविले जाई. फॉरसिथ यांची नेमणूक अशीच झाली. ते प्रथम सहायक वनसंरक्षक झाले आणि काही काळ त्यांनी वनसंरक्षकाचे कामही पाहिले.

तो काळ आमच्या प्रांताच्या इतिहासात मोठ्या उलथापालथीचा होता. देवगडच्या गोंड राजांचे वैभव मावळून येथे नागपूरकर भोसल्यांचे राज्य आले होते. तेही १८५४ साली खालसा झाले. १८५७ चा उठाव झाला. त्याच्या पुढल्याच वर्षी तात्या टोपे नर्मदा ओलांडून सातपुड्यात शिरले आणि महादेवाच्या डोंगरांतून आमच्या शेजारच्या मुलताईपर्यंत येऊन गेले. त्या डोंगरांतील राजा भभूतसिंग यांनी इंग्रजांविरुद्ध शस्त्र उचलले. त्यांच्यामागे रानातील कोरकू व गोंड उभे राहिले. अरण्याची प्रत्येक वाट ठाऊक असलेल्या या माणसांनी इंग्रजी फौजेस काही काळ हैराण करून सोडले. पण अखेरीस भभूतसिंग पकडले गेले आणि जबलपुरास त्यांना फाशी देण्यात आली. त्यांच्या ताब्यातील बोरीचे अरण्य सरकारजमा झाले. १८६१ च्या नोव्हेंबरात नागपूर आणि सागर-नर्मदा हे मुलूख एकत्र करून मध्य प्रांत निर्माण करण्यात आला, आणि लवकरच सर रिचर्ड टेंपल त्याचे मुख्य आयुक्त झाले.

याच सुमारास सातपुड्याच्या रानावर एक निराळेच संकट कोसळले होते. मुंबईहून निघालेले लोहमार्ग नागपूर व जबलपूर या दोन दिशांनी पुढे सरकत होते. रुळांखाली घालावयास लाकडी स्लीपर लागत. दर मैलास त्यांची संख्या पावणेदोन हजारांच्या घरात जाई, आणि त्यासाठी सागाइतके टिकाऊ लाकूड दुसरे नव्हते. ठेकेदारांची झुंबड उडाली. सरकार लवकरच तोडीस बंदी घालणार, अशी कुणकुण लागताच ही घाई अधिकच वाढली. हाती लागेल तो साग तोडून पाडावा, मग तो वाहून नेता येवो अगर न येवो, असा प्रकार सुरू झाला. पुढे वनाधिकारी रानात गेले, तेव्हा त्यांना ठिकठिकाणी तोडून टाकलेले आणि तसेच पडून राहिलेले ओंडके आढळले. कित्येक लहान पडले म्हणून निरुपयोगी ठरले होते; कित्येक उन्हाळ्यातील वणव्यांत जळून गेले होते. जे झाड वाढावयास शंभर वर्षे लागली, ते पाडण्यास एक प्रहर पुरला, आणि तेही कोणाच्या उपयोगी पडले नाही. ही हकिकत फॉरसिथ यांनी आपल्या ग्रंथात नोंदवून ठेविली आहे.

या अनर्थास आळा घालण्यासाठी मध्य प्रांतात जे वनखाते उभारले गेले, त्याचे पहिले प्रमुख कॅप्टन पिअर्सन होते. खात्यापुढील पहिले काम म्हणजे रान नेमके आहे तरी केवढे, ते कोणत्या जातीच्या झाडांचे आहे आणि त्यातून वाट कोठून जाते, हे पाहणे. नकाशांत या डोंगरांच्या जागी बव्हंशी कोरे कागद होते. १८६२ च्या आरंभी फॉरसिथ यांस महादेवाच्या डोंगरात जाऊन पचमढीच्या पठाराची पाहणी करण्याचा आणि तेथे एक वनगृह बांधण्याचा हुकूम झाला. तेव्हा ते जेमतेम चोविशीचे होते.

पचमढीत एक हकिकत सांगितली जाते की, १८५७ साली झाशीकडे फौज घेऊन जाताना फॉरसिथ यांच्या दृष्टीस हे पठार पहिल्याने पडले, आणि त्या वेळी सुभेदार मेजर नथू रामजी पवार हे त्यांच्यासमवेत होते. फॉरसिथ यांचा ग्रंथ मात्र १८६२ च्या प्रवासाचेच वर्णन करतो. दुसरीही एक गोष्ट येथे ध्यानात घेतली पाहिजे. पचमढीचा शोध फॉरसिथ यांनी लावला, असे पुष्कळ ठिकाणी लिहिलेले आढळते. पण जेथे कोरकू लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते आणि जेथे आमचे पणजोबा अनवाणी चालत महादेवाच्या दर्शनास जात होते, त्या जागेचा शोध कोणी लावावा? फॉरसिथ यांनी तिची माहिती कागदावर आणली, इतकेच म्हणणे न्यायाचे होईल. तेही काम लहान नव्हते.

नर्मदेच्या खोऱ्यातून ते दक्षिणेकडे वळले आणि चढणीस लागले. खालच्या रानात साग, ऐन, धावडा, मोह आणि बांबू. वर जावे तसतसे वालुकाश्माचे प्रचंड तांबूस कडे, आणि त्यांच्यामध्ये शेकडो फूट खोल गेलेल्या अरुंद दऱ्या. या वाटेवर त्यांना नेणारे लोक डोंगरातील गोंड व कोरकू होते. कोणत्या ओढ्यास उन्हाळ्यात पाणी राहते, गव्यांचा कळप दिवस कोठे घालवितो, कोणता उतार हत्तीस पेलेल आणि कोणता पेलणार नाही, हे त्यांच्यावाचून कोण सांगणार? त्यांच्यापैकी बहुतेकांची नावे इतिहासाने राखून ठेविली नाहीत. आज पचमढीच्या वाटेने जाणाऱ्याने याची आठवण ठेवावी, असे आम्हांस वाटते. फॉरसिथ यांनी अरण्य पाहिले खरे, पण ते त्यांना कोणी तरी दाखविले होते.

पठारावर पोहोचल्यावर घर बांधण्याचे काम निघाले. आरंभी स्थानिक लोक साशंक होते, आणि ते स्वाभाविकच होते. त्यांच्या राजास फाशी देऊन थोडीच वर्षे लोटली होती, आणि आता त्याच सरकारचा माणूस त्यांच्या डोंगरावर कायमचे घर बांधू पाहत होता. हळूहळू कामास माणसे मिळाली आणि दगडी घर उभे राहिले. आसपासच्या रानात गव्यांचे कळप होते. इंग्रज शिकारी गव्यास बायसन म्हणत, म्हणून या घराचे नाव बायसन लॉज पडले. पचमढीतील ही पहिली इंग्रजी वास्तू होय. आज तेथे वनखात्याचे संग्रहालय आहे. सहलीस जाणाऱ्यांनी प्रथम तेथेच जावे. कारण पुढे जे रानात पाहावयाचे, त्याची तोंडओळख तेथे होते.

फॉरसिथ यांची खरी थोरवी मात्र घर बांधण्यात नसून त्यांच्या पाहण्यात आहे. शिकारी माणूस जनावर पाहतो आणि लाकूडतोड्या झाड पाहतो. फॉरसिथ यांची नजर या दोहोंतील नात्यावर गेली. मध्य भारताच्या अरण्याचे दोन मोठे भाग पडतात. पश्चिमेस सागाचे राज्य आहे, तर पूर्वेस मंडल्याकडे सालवृक्षाचे, ज्यास आमच्याकडील लोक सरई म्हणतात. सागाचे रान उन्हाळ्यात पार निष्पर्ण होते. सालाचे रान मात्र जवळजवळ सदैव हिरवे दिसते. एक सरले की दुसरे सुरू होते, असा सर्वसाधारण क्रम आहे. परंतु महादेवाच्या डोंगरांच्या पायथ्याशी, देनवा नदीच्या खोऱ्यात, फॉरसिथ यांना सालवृक्षांचा एक मोठा पट्टा आढळला. चोहोंकडे साग, मूळचे सालाचे अरण्य पूर्वेस शंभराहून अधिक मैल दूर, आणि मध्येच हे सालाचे बेट! त्याहून नवल असे की, या बेटावर बारशिंगे होते आणि तांबडे रानकोंबडे होते. हे दोन्ही प्राणी पूर्वेकडील सालवनाचे सोबती आहेत. आजूबाजूच्या सागवनात राखी रानकोंबडा सापडतो, तांबडा सापडत नाही.

झाड जेथे गेले तेथे त्याचे सोबतीही गेले, आणि मधले अरण्य नाहीसे झाल्यावरही या एका खोऱ्यात ते सगळे एकत्र टिकून राहिले, असा या निरीक्षणाचा अर्थ होतो. म्हणजे अरण्य हा एक प्रपंच आहे. त्यातील एक काढले की दुसरे उघडे पडते. त्या काळी जीवसृष्टीच्या परस्परसंबंधांचे शास्त्र बाल्यावस्थेतही नव्हते. अशा वेळी एका पंचविशीतल्या तरुणाने बैलगाड्यांच्या व हत्तींच्या तळावर बसून ही गोष्ट टिपावी, हे खरोखर कौतुकास्पद आहे. तामियाहून पचमढीकडे जाताना देलाखारीच्या बाजूस आजही हा सालवृक्ष भेटतो. आम्ही त्या वाटेने जाऊ तेव्हा त्यास ओळखू, असा आमचा निश्चय झाला आहे.

ज्या खडकावर हे अरण्य उभे आहे, तोही फार पुराणा आहे. आमच्या पांढुर्णा-सौंसरकडील काळा खडक लाव्हारसाचा आहे, तर पचमढीचा वालुकाश्म त्याच्याही कोट्यवधी वर्षे आधीचा आहे. सातपुड्यातील याच थरांचा अभ्यास करताना मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने १८७२ साली त्यांना गोंडवन हे नाव दिले. पुढे ते नाव पृथ्वीवरील एका लुप्त महाखंडासही मिळाले. गोंडांच्या भूमीचे नाव असे जगाच्या पुस्तकात गेले. पचमढीच्या सावलीच्या दऱ्यांत वृक्षनेचे वाढतात आणि सायलोटम नावाची पानेमुळे नसलेली एक इवलीशी वनस्पती कड्यांच्या भेगांत आढळते. यांची कुळे पृथ्वीवर फुले उमलू लागण्यापूर्वीची आहेत. झाडे शे-दोनशे वर्षांची असली, तरी अरण्याचा वंश किती जुना असतो, हे अशा ठिकाणी कळते.

पचमढीचे काम आटोपल्यावर फॉरसिथ थांबले नाहीत. १८६२ ते १८६४ या काळात त्यांनी जवळजवळ सगळा मध्य प्रांत पालथा घातला. नर्मदा आणि शोण या नद्यांच्या उगमाशी, अमरकंटकापर्यंत, ते जाऊन आले. त्याच्याही पूर्वेकडील सालवनांत शिरले. वाटेत तापाने अनेकदा पडले आणि पुन्हा उठून चालू लागले. जेथे जातील तेथे त्यांनी झाडांबरोबर माणसांचीही माहिती टिपली. गोंडांचा आद्य गुरू लिंगो याची गाथा नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप यांनी गोंड गायकांकडून मिळविली होती. हिस्लॉप १८६३ साली बुडून मरण पावले, आणि त्यांचे कागद टेंपल यांनी १८६६ साली छापून प्रसिद्ध केले. त्याच गाथेस फॉरसिथ यांनी इंग्रजी पद्यरूप देऊन आपल्या ग्रंथात समाविष्ट केले.

त्यांचे दोष झाकण्याचे आम्हांस कारण नाही. ते त्यांच्या काळाचे आणि त्यांच्या सरकारचे पुरुष होते. वाघ, गवे, बारशिंगे यांची त्यांनी मनसोक्त शिकार केली, आणि तीत त्यांस काही गैर वाटले नाही. गोंड-कोरकूंविषयी त्यांच्या लेखनात जिव्हाळा आहे, तसाच राज्यकर्त्याचा वरचढपणाही आहे. हे लोक डोंगरउतारावरील झाडे तोडून जाळीत आणि त्या राखेत कोदो-कुटकीचे बी टाकीत. या दह्याच्या शेतीने रानाचा नाश होतो, असे फॉरसिथ यांचे ठाम मत होते. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु शतकानुशतके ही शेती चालू असूनही फॉरसिथ यांस पाहावयास अरण्य शिल्लक होते. आणि लोहमार्गाच्या ठेक्यांनी मोजक्या वर्षांत जे केले, ते त्यांनी स्वतःच लिहून ठेविले आहे. दोष कोणाकडे किती, याचा हिशेब वाचकाने करावा.

पुढे फॉरसिथ निमाडात जमाबंदी अधिकारी आणि मग उपायुक्त झाले. शेतसारा, गावांच्या सीमा आणि मोजणी यांच्या रुक्ष कामातही त्यांचे मन रानाकडेच धाव घेई. साठवून ठेविलेल्या टिपणांवरून त्यांनी मध्य भारताच्या उंच प्रदेशावरील आपला मोठा ग्रंथ लिहावयास घेतला. नर्मदेचे खोरे, महादेवाचे डोंगर, आदिवासी, सागाचा मुलूख, वाघ, सालाची वने अशी त्याची प्रकरणे आहेत. पण अनेक वर्षांच्या दगदगीने त्यांचे शरीर पोखरून निघाले होते. १८७१ च्या मे महिन्यात लंडन येथे त्यांचा अंत झाला. वय पुरते तेहतीसही नव्हते. त्यांचा ग्रंथ त्याच वर्षी, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला. ज्या डोंगरांचे त्यांनी जगास दर्शन घडविले, तेथे जाणारे नवे प्रवासी तो ग्रंथ हाती घेऊन निघू लागले. ते पाहावयास मात्र लेखक उरला नव्हता.

फॉरसिथ यांच्यामागे त्यांच्या वाटेचे काय झाले, हेही सांगितले पाहिजे. पचमढी लष्करी आरोग्यस्थान आणि मध्य प्रांताची उन्हाळी राजधानी झाली. भभूतसिंगांकडून घेतलेले बोरीचे अरण्य १८६५ साली राखीव झाले. भारतातील राखीव वनांत ते अगदी पहिल्यांपैकी गणले जाते. जगाच्या दुसऱ्या टोकास, कॅलिफोर्नियात, त्याच सुमारास असाच प्रसंग घडत होता. तेथे समुद्रकाठी रेडवुड आणि डोंगरात सिकोया या सख्ख्या कुळांतील महावृक्षांची अरण्ये आहेत. रेडवुड शंभर मीटरहून उंच वाढतो आणि त्याचे आयुष्य दोन हजार वर्षांपलीकडे जाते. सिकोया तर तीन हजारांपलीकडे. त्यांच्यावरही कुऱ्हाड चालली होती. १८६४ साली तेथील मॅरिपोसा येथील सिकोयांची राई अमेरिकेच्या सरकारने कायद्याने राखून ठेविली.

फॉरसिथ यांच्याच जन्मवर्षी, १८३८ साली, स्कॉटलंडात जन्मलेले जॉन म्यूर हे त्या वृक्षांचे वाटाडे झाले. १९०३ साली त्यांनी अध्यक्ष रूझवेल्ट यांना त्या राईत नेले आणि झाडांखाली उघड्यावर रात्र काढावयास लाविली. १९०८ साली सॅन फ्रान्सिस्कोजवळील रेडवुडांचे एक वन राष्ट्रीय स्मारक झाले आणि त्यास म्यूर यांचे नाव मिळाले. आज तेथे नित्य सहली येतात. मुळे तुडविली जाऊ नयेत म्हणून लोकांस लाकडी फळ्यांच्या वाटेवरून चालावे लागते. जुने अरण्य ज्याने एकदा डोळे भरून पाहिले, तो ते तोडू देत नाही, हे म्यूर यांनी ओळखले होते. पण पाहणाऱ्यांची गर्दी झाली म्हणजे पाहणाऱ्यांपासूनही अरण्य राखावे लागते, हा पुढचा धडा आहे.

आमच्या सातपुड्यातही दोन्ही धडे मिळाले आहेत. फॉरसिथ यांनी पाहिलेले बारशिंगे या डोंगरांतून पुढे नाहीसे झाले. सालाचे बेट राहिले, त्याचे सोबती गेले. २०१५ पासून कान्ह्याचे बारशिंगे आणून त्यांस बोरीच्या कुरणांत पुन्हा वसविण्यात आले आहे. दीडशे वर्षांपूर्वीची नोंद नसती, तर ते येथे कधी काळी नांदत होते हे सांगावयास भक्कम आधार कोठून मिळता? दुसरीकडे, राखीव अरण्याची किंमत गोंड-कोरकूंनी मोजली. ज्या रानात त्यांचे आजे-पणजे मोह वेचीत होते, तेथे कुऱ्हाड घेऊन शिरणे गुन्हा ठरले. पुढे व्याघ्रप्रकल्पासाठी अनेक गावांस जागा सोडून बाहेर यावे लागले. २०२५ च्या जून महिन्यात राज्य मंत्रिमंडळाने पचमढीच्या अभयारण्यास राजा भभूतसिंग यांचे नाव देण्याचा निर्णय केला. एक ऋण उशिरा का होईना, मान्य झाले.

आता आमच्या सहलीविषयी. २०२३ साली पांढुर्णा आणि सौंसर मिळून वेगळा जिल्हा झाला, तरी पचमढीची वाट पूर्वीचीच आहे : सौंसर, छिंदवाडा, परासिया, तामिया, मटकुली. आगगाडीने जावयाचे तर पांढुर्ण्याहून इटारसी, तेथे गाडी बदलून पिपरिया, आणि पुढे मोटारीने घाट. अंतर असे आहे की सकाळी निघून रात्री परतणे मुलांस झेपणार नाही. म्हणून जाण्याचा एक दिवस, अरण्याचा एक दिवस आणि परतीचा एक दिवस, अशी योजना आम्ही आखिली आहे. अरण्याच्या दिवशी प्रथम बायसन लॉज पाहावे. मग उन्हे चढण्यापूर्वी एखाद्या सावलीच्या दरीत उतरावे, तेथे वृक्षनेचे शोधावेत. दुपारी विसावा घ्यावा आणि सायंकाळी सुमारे १,३५० मीटर उंचीच्या धूपगडावरून सगळ्या रांगा एकदा नजरेखाली घालाव्यात. पावसाळ्यात गाभ्याचे अरण्य बंद असते, म्हणून दिवाळीनंतरचा काळ उत्तम. कर्णे नेऊ नयेत, प्लास्टिक नेऊ नये, पान-फूल तोडू नये, वाट सोडू नये. हे नियम वनखात्याने घातले म्हणून पाळावयाचे असे नाही, तर आपण दुसऱ्याच्या घरी पाहुणे आहोत म्हणून पाळावयाचे.

आणि एक नियम आम्ही आमच्यासाठी घालून घेतला आहे. परवाना घेतल्यावर जो वाटाड्या आमच्याबरोबर येईल, त्यास प्रत्येकाने नमस्कार करावा, त्याचे नाव विचारावे, त्याचे गाव विचारावे, आणि त्याने दाखविलेल्या प्रत्येक झाडाचे त्याच्या बोलीतील नाव आपल्या वहीत उतरवून घ्यावे. बहुधा तो गोंड किंवा कोरकू असेल. त्याच्या एखाद्या पूर्वजानेच त्या चोवीस वर्षांच्या परदेशी तरुणास हा डोंगर चढविला असेल, कोणी सांगावे! त्या पूर्वजाचे नाव राहून गेले. आमच्या वहीत तरी ते राहून जाऊ नये.

फॉरसिथ यांस आयुष्य अपुरे मिळाले. पण जेवढे मिळाले तेवढ्यात त्यांनी डोळे उघडे ठेवून पाहिले आणि पाहिलेले लिहून ठेविले. विद्यार्थिमित्रहो, आपणही महादेवाला जाऊ. आपले आजोबा श्रद्धेने गेले, फॉरसिथ जिज्ञासेने गेले. आपण दोन्ही बरोबर घेऊन जाऊ, आणि परत येताना रानातून काहीही न आणता, भरलेली वही तेवढी घेऊन येऊ.